प्रेक्षकाचा शब्द

"आधी आपल्या टीव्हीचा आवाज कमी करा, आणि मग बोला." दूरचित्रवाणीवरील थेट प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम पाहणाऱ्यांना हे वाक्य पाठ झालेले असते. समोर तज्ज्ञ डॉक्टर किंवा कृषी अधिकारी बसलेले असतात, फोन जोडला जातो, लांबच्या गावातून कोणीतरी "नमस्कार" म्हणते आणि लगेच अडखळते. आपणच उच्चारलेला शब्द त्याला घरातील संचातून पुन्हा ऐकू येतो, तोही क्षणभर उशिराने. माणूस बोलताना नकळत स्वतःचा आवाज ऐकत असतो. तो आवाज उशिराने कानी पडू लागला, की जिभेची गती बिघडते, शब्द लांबतात आणि वाक्य अर्ध्यावर थांबते. शिवाय संचातून निघणारा आवाज पुन्हा फोनमध्ये शिरतो आणि सर्वच प्रेक्षकांना घुमणारा गोंगाट ऐकावा लागतो. म्हणून निवेदकाला दर वेळी तीच विनंती करावी लागते.

हा उशीर कोठून येतो? भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. कलागारातून निघालेले चित्र व ध्वनी प्रथम तेथवर जातात आणि तेथून पुन्हा पृथ्वीवर येतात. हा प्रवास ७२,००० किलोमीटरांहून कमी नसतो. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या गतीने जाणाऱ्या लहरींनाही त्यासाठी जवळजवळ पाव सेकंद लागतो. संकेतांचे अंकीय रूपांतर करण्यात आणखी वेळ जातो. 'थेट' म्हटलेले दृश्यही अशा रीतीने थोडे शिळेच असते. काही प्रक्षेपणांत तर आक्षेपार्ह शब्द वेळीच कापता यावा म्हणून काही सेकंदांचा विलंब जाणूनबुजून ठेवला जातो.

प्रेक्षकाला दिसत नाही, असे आणखी एक काम पडद्यामागे चाललेले असते. आलेला प्रत्येक फोन निवेदकापर्यंत पोहोचतोच असे नाही. शेजारच्या खोलीत बसलेला सहायक फोन घेतो, नाव आणि गाव विचारतो, प्रश्न थोडक्यात टिपून घेतो. तोच प्रश्न आधी कोणी विचारला असेल, तर दुसऱ्याला थांबावे लागते. एखादा प्रश्न विषयाला सोडून असतो, तर एखाद्याच्या बोलण्यात इतकी तक्रार भरलेली असते, की निर्माता त्याला प्रक्षेपणात घेण्यास धजत नाही. कार्यक्रम प्रेक्षकांच्या प्रश्नांवर चालतो हे खरे. पण त्या प्रश्नांची निवड दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती असते. प्रेक्षकांच्या सहभागावर उभ्या राहिलेल्या दूरचित्रवाणीचा विचार करताना हा दुसरा हात नजरेआड करून चालत नाही.

वास्तविक दूरचित्रवाणी हे माध्यम मुळात एकतर्फी आहे. नाटकातील नटाला प्रेक्षागृहातील शांतता ऐकू येते, कीर्तनकाराला श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून कळते की आख्यान लांबले. दूरचित्रवाणीच्या निवेदकासमोर मात्र भिंग असते, आणि भिंग हसत नाही, जांभईही देत नाही. ही उणीव भरून काढण्याची धडपड दूरचित्रवाणीच्या जन्मापासून चालू आहे. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हाही वस्त्यावस्त्यांतून दूरचित्रवाणी मंडळे स्थापून कार्यक्रमांवर चर्चा घडवून आणण्याचा प्रयत्न झाला होता. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी 'कृषी दर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला. तेथेही सामुदायिक संचासमोर बसलेल्या शेतकऱ्यांना काय समजले आणि काय समजले नाही, हे जाणून घेण्याची गरज भासली.

याहून मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. अमेरिकेच्या 'एटीएस-६' या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २,४०० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोहोचवण्यात आले. 'साइट' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. गावकऱ्यांना उलट बोलण्याची सोय त्यात नव्हती. म्हणून अभ्यासक स्वतःच गावांत जाऊन राहिले, प्रेक्षकांमध्ये बसले, त्यांनी निरीक्षणे टिपली. प्रतिसाद असा पायी चालत, वहीत बसून येत असे. त्याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज या गावी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने एक लहान प्रक्षेपण केंद्र चालवले. निर्माते गावोगाव हिंडून विषय शोधत, गावकऱ्यांच्याच बोलीत नाट्ये रचत, आणि ती लोकांना कशी वाटली हे पुन्हा जाऊन विचारत. या कामाची दखल १९८४ साली युनेस्कोनेही पुरस्कार देऊन घेतली.

शहरांतील प्रेक्षकांचा प्रतिसाद टपालाने येत असे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता, की प्रेक्षक कंटाळले. पत्रांतून आणि पाहणीतून ते कळले तसे कथेचे वळण बदलण्यात आले. उपदेश मागे सरला आणि कुटुंबातील माणसे पुढे आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत आणि त्यांच्या पत्रांचा उल्लेख करीत. मालिकेच्या सतरा महिन्यांत सुमारे ४ लाख पत्रे आल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यातील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. भागवंती ही सोशिक, स्वतःला विसरून राबणारी आई. स्त्रीने असे राहू नये, हे दाखवण्यासाठी ती रंगवली होती. परंतु कित्येक प्रेक्षकांना, आणि त्यांत स्त्रियाही आल्या, तीच आदर्श वाटली. पाठवलेला अर्थ आणि पोहोचलेला अर्थ वेगळा असू शकतो, हे पत्रे आली नसती तर निर्मात्यांना कधीच कळले नसते.

पुढे सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या 'सुरभि' या कार्यक्रमाने तर टपाल खात्याचीच परीक्षा पाहिली. सांस्कृतिक प्रश्नांची उत्तरे पाठवणाऱ्यांची पोस्टकार्डे पोत्यांनी येत. एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. सवलतीच्या दरातील साधे पोस्टकार्ड अशा स्पर्धांसाठी वापरले जाऊ लागल्यामुळे टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढावे लागले. तरीही पत्र येणार, वाचले जाणार आणि पुढच्या एखाद्या भागात त्याचा परिणाम दिसणार, यात दिवस आणि आठवडे जात. प्रेक्षकाच्या शब्दाने कार्यक्रम चालू असतानाच वळण घ्यावे, हे अजून दूर होते.

अमेरिकेत मात्र ते घडून गेले होते. १ डिसेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस या शहरात 'क्यूब' नावाची केबल सेवा सुरू झाली. ग्राहकाच्या हाती वाहिन्या निवडण्याच्या कळांची एक पेटी दिली जाई. तिच्यावर पाच कळा उत्तर देण्यासाठी राखलेल्या होत्या. निवेदकाने प्रश्न विचारावा, घराघरांतून कळा दाबल्या जाव्यात, केंद्रातील संगणकाने प्रत्येक घराची नोंद काही सेकंदांत गोळा करावी आणि टक्केवारी पडद्यावर उमटावी, अशी ती व्यवस्था होती. प्रेक्षकांना कंटाळा आला असेल, तर पाहुण्याची मुलाखत तेथेच आटोपती घेता येई. जवळच्या एका उपनगराच्या नियोजनाच्या आराखड्यावर १९७८ साली याच पेटीच्या साहाय्याने नागरिकांचे मत आजमावण्यात आले. १९८० साली एका फुटबॉल सामन्यात पुढची चाल कोणती खेळायची, हेही घरी बसलेल्या प्रेक्षकांनी कळ दाबून ठरवले. मैदानावरचा प्रशिक्षक ज्या निर्णयासाठी वर्षानुवर्षे तयारी करतो, तो निर्णय सोफ्यावर बसून काही क्षणांत घेतला गेला. गंमत म्हणून हे ठीक होते. 

'क्यूब'चा खर्च भागेना आणि काही वर्षांतच ही सेवा आवरती घ्यावी लागली. मात्र तिने उभा केलेला एक प्रश्न अधिक टिकाऊ ठरला. कोणत्या घरात कोण काय पाहते आणि कशाला हो म्हणते, याची नोंद एका कंपनीच्या संगणकात साठत होती. प्रेक्षक पडद्याकडे पाहत होता, तसाच पडदाही प्रेक्षकाकडे पाहू लागला होता. आज भ्रमणध्वनीवरून मत नोंदवणाऱ्याचा क्रमांक, ठिकाण आणि आवड यांची नोंद होते, तेव्हा पेच तोच असतो. फक्त त्याकडे कोणी चमकून पाहत नाही.

भारतात प्रेक्षकाला उलट बोलता येईल अशी व्यवस्था प्रथम रुजली ती करमणुकीसाठी नव्हे, शिक्षणासाठी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९०च्या दशकात उपग्रहाद्वारे दूरपरिषदा घेण्यास सुरुवात केली. दिल्लीतील कलागारातून शिक्षक बोलत. देशभरच्या अभ्यासकेंद्रांत बसलेले विद्यार्थी त्यांना पाहत आणि दूरध्वनीवरून प्रश्न विचारत. चित्र एका दिशेने, आवाज दोन्ही दिशांनी, अशी ही योजना होती. शिक्षकाला विद्यार्थी दिसत नसत. त्यामुळे एक नवेच कौशल्य त्याला शिकावे लागे: न दिसणाऱ्या वर्गासमोर थांबायचे, प्रश्नासाठी जागा सोडायची आणि शांततेला घाबरायचे नाही. वर्गात दहा सेकंदांची शांतता स्वाभाविक वाटते. पडद्यावर तीच युगासारखी भासते. अनेक शिक्षक ती भरून काढण्यासाठी बोलतच राहत आणि फोन वाजेपर्यंत वेळ संपून जाई.

मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात नोव्हेंबर १९९६मध्ये सुरू झालेला प्रयोग या दृष्टीने विशेष आहे. पश्चिमेकडील या डोंगराळ जिल्ह्यात बहुसंख्य वस्ती भिल्ल आणि अन्य आदिवासींची. साक्षरतेचे प्रमाण त्या काळी फार कमी. अशा ठिकाणी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने १५० गावांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम घेणारे संच बसवले आणि गटांच्या १२ मुख्य ठिकाणी उलट बोलण्याची सोय असलेली केंद्रे उभारली. संध्याकाळी गावांसाठी आरोग्य, पाणलोट, शेती आणि पंचायत या विषयांवरील कार्यक्रम होत. दिवसा गटकेंद्रांवर प्रशिक्षण चाले. अंगणवाडी सेविका, शिक्षक, पंचायतीचे सदस्य तेथे जमत, अहमदाबादच्या कलागारातील तज्ज्ञांचे बोलणे पडद्यावर पाहत आणि मग केंद्रावरील यंत्रातून आपला प्रश्न विचारत. तो आवाज उपग्रहावरून कलागारात पोहोचे, आणि त्याच वेळी इतर अकरा केंद्रांतील माणसेही तो ऐकत.

येथे दूरदर्शनच्या नेहमीच्या कार्यक्रमाहून काहीतरी निराळे घडते. जिल्ह्याच्या कार्यालयात ज्या पंचायत सदस्याला दाराबाहेर थांबावे लागते, त्याचा प्रश्न अधिकाऱ्याला सर्वांच्या देखत ऐकावा लागतो. 'पाहून सांगतो' हे उत्तर बंद खोलीत सहज खपते. बारा केंद्रे ऐकत असताना ते तितके सहज देता येत नाही. एका ठिकाणचा प्रश्न ऐकून दुसऱ्या ठिकाणच्या माणसाच्या ध्यानात येते, की ही अडचण आपल्या एकट्याची नाही. लिहिता न येणाऱ्या माणसाला पत्राची वाट बंद असते; बोलण्याची वाट खुली असते. या प्रयोगाचे मोल यंत्रापेक्षा त्या खुल्या वाटेत अधिक होते. अर्थात गावांतील १५० संचांना फक्त ऐकण्याची सोय होती, बोलण्याची नव्हती. आणि गटकेंद्रापर्यंत येण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागली तर कोण येईल, हा प्रश्न उपग्रहाला सोडवता येत नाही.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला, आणि चित्र व आवाज दोन्ही बाजूंनी पोहोचवणारे वर्ग शक्य झाले. केरळमधील 'व्हिक्टर्स' वाहिनी २००५ साली याच उपग्रहाच्या आधाराने सुरू झाली. एज्युसॅटचे कार्य पुढे थांबले. पण दूरस्थ विद्यार्थ्याला शिक्षकाशी थेट बोलता यावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे.

करमणुकीच्या क्षेत्रात प्रेक्षकाच्या हाती सत्ता आली ती मतदानाच्या रूपाने. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला. त्यात अडलेल्या स्पर्धकाला प्रेक्षागृहातील लोकांचे मत घेण्याची सवलत होती. प्रत्येकाच्या हातात कळांचे छोटे यंत्र असे. काही क्षणांत चार पर्यायांपुढे स्तंभ उभे राहत. हे स्तंभ बहुधा खरे निघतात. या कार्यक्रमाच्या अमेरिकन आवृत्तीत प्रेक्षागृहाने दिलेली ९१ टक्के उत्तरे बरोबर होती, तर स्पर्धकाने फोन करून विचारलेल्या जाणत्या मित्राची सुमारे ६५ टक्के, असे जेम्स सुरोविकी या लेखकाने २००४ साली नोंदवले. कारण समजण्यास कठीण नाही. ज्यांना उत्तर ठाऊक नसते, त्यांची मते चारही पर्यायांत विखुरतात आणि जवळपास एकमेकांना छेदतात; ज्यांना ठाऊक असते, त्यांची मते एकाच ठिकाणी साचतात. अट इतकीच, की प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर द्यावे आणि प्रत्येकाला एकच मत असावे.

घरी बसून पाठवलेल्या लघुसंदेशांच्या मतदानात या दोन्ही अटी मोडतात. समजा, एखादा कार्यक्रम १० लाख लोक पाहत आहेत आणि विचारलेल्या प्रश्नावर ५,००० जणांनी संदेश पाठवले. '८० टक्के लोक म्हणतात होय' असे पडद्यावर झळकते. प्रत्यक्षात हे ४,००० जणांचे मत असते. उरलेल्या ९ लाख ९५ हजारांनी तोंडही उघडलेले नसते. ज्यांना राग आला आहे, ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी आहे, ज्यांना संदेशाचे जादा पैसे परवडतात, तेच मत देतात. त्यातही एकाने पन्नास वेळा दिले, तरी यंत्र ते पन्नास धरते. अशा आकड्याला जनमत म्हणणे ही भाषेची चूक आहे. त्याला फार तर उत्साहाचे मोजमाप म्हणता येईल.

उत्साहाचे मोजमापही कधी कधी इतिहासाला स्पर्श करते. 'इंडियन आयडॉल' ही गायनस्पर्धा २००४ साली सुरू झाली आणि पहिल्या पर्वात प्रेक्षकांच्या मतांवर मुंबईचा अभिजीत सावंत विजयी झाला. आवाज चांगला आहे की नाही हे परीक्षक सांगत, पण कोण राहणार आणि कोण जाणार हे संदेशांवर ठरे. २००७च्या तिसऱ्या पर्वात अखेरीस दोन तरुण उरले: दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलीस दलात शिपाई होता. देशाच्या नकाशाच्या एका कोपऱ्यातील ही दोन डोंगरी शहरे. राष्ट्रीय वाहिन्यांवर त्यांची नावे क्वचितच ऐकू येत. पाहता पाहता दार्जिलिंगच्या डोंगरांत चाहत्यांची मंडळे उभी राहिली. वर्गण्या जमल्या, त्या पैशांतून मते पाठवली गेली, मिरवणुका निघाल्या. शिलाँगमध्येही तेच चालले होते. स्थानिक आणि बाहेरचे या वादाने पोळलेल्या त्या शहरात बंगाली कुटुंबातील मुलासाठी खासी आणि इतर समाजांचे लोक एकत्र आले. मेघालय सरकारने अमितला शांतता व सलोख्याचा दूत म्हणून गौरवले.

२३ सप्टेंबर २००७ रोजी निकाल लागला आणि प्रशांत मोठ्या फरकाने जिंकला. त्याला सुमारे ७ कोटी मते मिळाल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्याही आतच होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका माणसाने किती वेळा मत दिले असावे याची कल्पना येते. पण आकडा फुगलेला होता, म्हणून भावना खोटी होती असे नाही. विजयानंतर काही दिवसांतच दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने नेपाळी भाषकांना पहारेकऱ्यांच्या कामावरून हिणवणारे उद्गार काढले. त्याच्या निषेधार्थ सिलिगुडीत निघालेल्या मोर्चाच्या वेळी दंगल उसळली, संचारबंदी लावावी लागली, लष्कराला पाचारण करावे लागले. प्रशांतसाठी मते गोळा करण्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबर २००७मध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली आणि स्वतंत्र गोरखालँडची जुनी मागणी पुन्हा पेटली. गाण्याच्या स्पर्धेने ती मागणी जन्माला घातली नव्हती. तिच्यामागे दीर्घ काळ साचलेली उपेक्षा होती. परंतु आपण संख्येने थोडे असलो, तरी एकत्र आलो तर साऱ्या देशाला आपले नाव घ्यावे लागते, हा अनुभव डोंगरातील लोकांना त्या संदेशांनी दिला. विधानसभेच्या निवडणुकीत एका माणसाला एकच मत असते. तेथे थोड्यांचे थोडेपण लपत नाही. येथे ते लपले.

जेथे मत देण्यासाठी पैसे मोजावे लागतात, तेथे हिशेबाचा प्रश्न येणारच. 'कौन बनेगा करोडपती'च्या २००७च्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. उत्तर पाठवण्याच्या संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्याच संदेशांच्या पैशांतून निघते आणि हे त्यांना सांगितले जात नाही, अशी तक्रार एका ग्राहक संघटनेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ती मान्य करून वाहिनी व दूरध्वनी कंपनी यांना १ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, पुरेसा पुरावा नाही म्हणून, तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. कोणाच्या खिशातून किती गेले आणि कोणाच्या खिशात किती आले, हे मात्र असा संदेश पाठवणाऱ्याला सहसा कळत नाही.

ब्रिटनमध्ये २००७ साली तर अशा प्रकरणांची मालिकाच उघडकीस आली. जीएमटीव्ही या वाहिनीच्या सकाळच्या स्पर्धांत विजेते आधीच निवडले गेल्यावरही लोकांचे महागडे फोन घेतले जात होते. नियामक संस्थेने वाहिनीला २० लाख पौंड दंड केला. याहून लहान, पण मनाला अधिक लागणारी गोष्ट बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमातील आहे. नोव्हेंबर २००६मध्ये एका थेट भागात मुलांनी फोन करून स्पर्धेत भाग घ्यायचा होता. हजारो मुलांनी फोन केले, आणि नेमकी यंत्रणा बिघडली. एकही नाव कलागारात पोहोचेना. प्रक्षेपण चालू होते, थांबता येत नव्हते. तेव्हा कलागार पाहायला आलेल्या एका मुलीला, तू बाहेरून फोन केला आहेस असे बोल, असे सांगण्यात आले. तिने उत्तर दिले आणि ती विजेती ठरली. बीबीसीला ५०,००० पौंड दंड झाला. दंडापेक्षाही त्या मुलीला आपल्या वतीने खोटे बोलायला लावले, हे अनेकांना अधिक खटकले.

याच कार्यक्रमात जानेवारी २००६मध्ये मांजरीच्या पिल्लाचे नाव प्रेक्षक मुलांच्या मतांनी ठरायचे होते. मुलांनी 'कुकी' हे नाव निवडले. निर्मिती विभागातील मंडळींना ते रुचले नाही आणि पिल्लाचे नाव 'सॉक्स' ठेवण्यात आले. दीड वर्षाहून अधिक काळ हे कोणालाच कळले नाही. सप्टेंबर २००७मध्ये सत्य बाहेर आले, तेव्हा बीबीसीने प्रेक्षकांची जाहीर क्षमा मागितली. सॉक्सला एव्हाना आपल्या नावाची सवय झाली होती. ते बदलून काही साधणार नव्हते. म्हणून कार्यक्रमात आणखी एक पिल्लू आणण्यात आले, आणि त्याचे नाव कुकी ठेवण्यात आले.